दोन तारखेची माणसे

सोमवार, बारा जानेवारी. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. दिल्लीत, द्वारकेतल्या सरकारी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, आस्थापना शाखेत, अलकनंदा शेवडे हिने या महिन्यात निवृत्त होणाऱ्यांची यादी प्रिंटरवर काढली. यादीत तीन नावे होती. पहिले शाखेचे सेक्शन ऑफिसर बत्रा यांचे. दुसरे ड्रायव्हर हरिओमचे. तिसरे तिचे स्वतःचे.

तिने कागद खिडकीकडे धरून पुन्हा वाचला. शेवडे अलकनंदा श्रीरंग, सहायक. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९६६. निवृत्ती ३१ जानेवारी २०२६.

तिचा जन्म दोन फेब्रुवारीचा होता.

सरकारी नोकर ज्या महिन्यात साठ वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. अपवाद एकच. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला जातो, कारण त्याचे साठावे वर्ष आदल्याच दिवशी पुरे झालेले असते. हा नियम अलकनंदाने चौतीस वर्षांत शेकडो जणांना समजावून सांगितला होता. काही जण भांडले होते, एक जण रडला होता. स्वतःपुरते तिने अठ्ठावीस फेब्रुवारी धरले होते. वर्षापूर्वी भरलेल्या पेन्शनच्या कागदांवरही तेच लिहिले होते. पण नव्या वर्षापासून निवृत्तीचे आदेश सर्व्हिस बुक पाहून नव्हे, सिस्टीममधून काढायचे असे परिपत्रक निघाले होते. ते टाइप तिनेच केले होते.

तिने संगणकावर स्वतःचे पान उघडले. पडद्यावर तारीख होती, २ फेब्रुवारी १९६६. तिने ते पान आणि हातातला कागद आळीपाळीने पाहिले. मग यादी घेऊन ती बत्रांच्या टेबलाशी गेली.

बत्रांनी चष्मा वर सरकवला. "अरे वाह, आप भी मेरे साथ? चलो, समोसे एक ही बार में निपट जाएँगे."

"सर, गलत है. मेरा दो फरवरी है."

"सिस्टम गलत है या आपकी मम्मी?"

"मम्मी तो नहीं, सर."

बत्रा हसले, आणि मग त्यांचे हसू थांबले. त्यांच्या लक्षात आले होते. एकतीस जानेवारीला त्यांची खुर्ची रिकामी होणार होती. बढतीचे पॅनेल डिसेंबरमध्येच मंजूर झाले होते आणि त्यावर पहिले नाव अलकनंदाचे होते. आदेश दोन फेब्रुवारीला निघणार होता. त्या दिवशी नोकरीत असणाऱ्यालाच तो लागू होता. अठ्ठावीसला निवृत्त होणारी अलकनंदा वीस कामाचे दिवस सेक्शन ऑफिसर राहिली असती. एकतीसला निवृत्त होणारी राहणार नव्हती.

"अनुराग को बुलाइए," बत्रा म्हणाले.

अनुराग सक्सेना गाझियाबादहून येत असे. वय चव्वेचाळीस, कंत्राटी प्रोग्रॅमर, गळ्यात मफलर. ही सिस्टीम अकरा वर्षांपूर्वी त्याने एकट्याने लिहिली होती. मधल्या काळात तीन कंपन्या बदलल्या, कंत्राटे बदलली, अनुराग तोच राहिला. "दस मिनट दीजिए," म्हणून तो तळमजल्यावर गेला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर वर आला. त्याने अलकनंदाच्या टेबलावरचा एक जुना लिफाफा उलटा केला आणि त्यावर आकडे काढले.

"मैडम, आपने फॉर्म में तारीख डाली, दो फरवरी. ठीक? वक़्त किसी ने पूछा नहीं. पर मैंने कॉलम ऐसा बनाया था कि उसमें वक़्त भी चाहिए. तो मशीन ने अपने आप रात के बारह लगा दिए. दो तारीख, रात बारह."

"फिर?"

"फिर सर्वर ने उसे अपनी घड़ी में बदला. सर्वर की घड़ी हमसे साढ़े पाँच घंटे पीछे है. बारह में से साढ़े पाँच गए तो?"

"एक तारीख की शाम. साढ़े छह."

"बस. वही रखा है. स्क्रीन साढ़े पाँच घंटे वापस जोड़ देती है, तो आपको दो दिखता है. रिपोर्ट नहीं जोड़ती. वो वक़्त काट देती है और तारीख छाप देती है." त्याने पेन ठेवले. "एक."

"सिर्फ़ मेरी?"

अनुरागने लिफाफा सुलटा केला. "सबकी," तो म्हणाला.

ते अकरा वर्षे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, हे अलकनंदाला संध्याकाळपर्यंत आपले आपणच उलगडले. सोळा तारखेचा माणूस पंधरावर गेला तरी निवृत्ती त्याच महिन्याच्या अखेरीला. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या तीस-एकतीसवर गेला तरी निवृत्तीचा दिवस तोच. एक दिवसाने कोणाचे काहीच बिघडत नव्हते. बिघडत होते फक्त दोन तारखेला जन्मलेल्यांचे. ते एकवर येत होते आणि त्यांचा अख्खा महिना जात होता. आजवर आदेश सर्व्हिस बुक पाहून निघत होते, म्हणून तोही गेला नव्हता.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात तीन हजार एकशे अठरा माणसांच्या तारखा सिस्टीममध्ये भरल्या गेल्या होत्या. भरणारी अलकनंदा होती. तपासणारीही तीच. संध्याकाळी त्या दिवसाची छापील यादी हातात येई. यादीतले अक्षर मुंगीएवढे असे. म्हणून ती सर्व्हिस बुक मांडीवर घेऊन पडद्यावरची मोठी अक्षरे तपासत असे, एकेक नाव, आणि मग कागदावर सही करी. पडद्यावर एकही चूक नव्हती. सह्या सगळ्या कागदावर होत्या.

*

चौदा जानेवारीला सकाळी सहाला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला गेली. दरवर्षी नवराबायको दोघे जात. या वर्षी अलकनंदाने आपली जागा सोडली आणि श्रीरंग एकटा गेला. अकरा वाजता ती उपसंचालक मेहरोत्रांसमोर बसली होती. मेहरोत्रा पन्नाशीच्या आतले, आवाज न चढवणारे अधिकारी होते.

"शेवडे जी, ये जन्मतिथि बदलने का मामला है?"

"बदलने का नहीं, सर. बदल गई है, उसे ठीक करने का."

"नियम क्या है?"

नियम तिला पाठ होता. "नौकरी लगने के पाँच साल के अंदर अर्ज़ी."

"आपको कितने हुए?"

"चौंतीस."

मेहरोत्रांनी जुन्या छापील याद्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. खूण घातलेले पान उघडले. "ये साइन किसके हैं?"

"मेरे."

"यानी आपने खुद सर्टिफाई किया कि आपकी जन्मतिथि एक फरवरी है."

"सर, सर्विस बुक में दो है. स्कूल के दाखिले में दो है." तिने पिशवीतून कोरेगावच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. प्लास्टिकमध्ये घातलेला, घड्यांवर विरलेला.

"ये तो मराठी में है."

"जी."

"हिंदी अनुवाद लगाइए. किसी गज़टेड अफ़सर से अटेस्ट करवाके."

"तारीख तो पढ़ी जा रही है, सर."

"पढ़ी जा रही है," मेहरोत्रा म्हणाले. "मानी नहीं जा सकती." मग थोडे पुढे झुकले. "देखिए, मैं आपको झूठा नहीं कह रहा. पर आपकी एंट्री गलत है, तो बाकी तीन हज़ार?"

"सब गलत हैं, सर. एक-एक दिन."

मेहरोत्रांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या तारखा भरण्याचे काम वेळेत पुरे झाल्याबद्दल कार्यालयाला मिळालेली ढाल त्यांच्या मागच्या कपाटावर होती. "ये आप लिखकर मत दीजिए," ते म्हणाले. "ज़ुबानी ठीक है."

अनुवाद तिनेच केला. साक्षांकन बत्रांनी केले. त्यांना मराठी येत नव्हते. "क्या लिखा है, पढ़के सुनाइए," ते म्हणाले. तिने वाचून दाखवले. वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. "अब तक वही है," म्हणून बत्रांनी शिक्का मारला.

रात्री श्रीरंग परतला तो गारठून. बूट काढता काढता त्याने विचारले, "काय म्हणाले तुझे साहेब?"

"लिहून देऊ नका म्हणाले."

"मग नको देऊस." त्याने रुमालाची पुडी सोडून तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. "अगं, एका दिवसाचं काय घेऊन बसलीस? माझी बघ, एक जून. आजोबा शाळेत घालायला गेले. मास्तर म्हणाले, पोरगा कधीचा? आजोबा म्हणाले, पेरणीच्या आधीचा. झालं, एक जून. आमच्या वर्गात बावीस जण एक जूनचे होते. सगळ्यांनी नोकऱ्या केल्या, सगळे रिटायर झाले. कुणी विचारलं?"

"तुमची चुकीची होती म्हणून चालली," अलकनंदा म्हणाली. "माझी बरोबर आहे."

तिचे वडील कोरेगावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगी झाली तेव्हा त्यांनी औषधांच्या वहीत वेळ लिहून ठेवली होती. पहाटे चार वाजून दहा मिनिटे. श्रीरंगला हे ठाऊक होते. 

रविवारी मैत्रेयी गुरुग्रामहून आली. एकतीस वर्षांची मुलगी, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. साडेपाच तासांचा हिशेब तिला अर्ध्या वाक्यात कळला.

"क्लासिक आहे हे, आई. आमच्याकडे पण झालं होतं. बर्थडेचे मेसेज लोकांना एक दिवस आधी जायचे. दुपारभरात फिक्स केलं."

"मग?"

"मग काय? सॉरीचा मेल टाकला सगळ्यांना."

"कुणी लिहिला?"

"म्हणजे? टीमने."

"सही कुणाची होती त्यावर?"

"मेलवर सही कोण करतं, आई?" मैत्रेयीने पोळीचा तुकडा मोडला. "आणि एक महिना आहे यार. छोड ना. घरी बस, आराम कर."

"बढती होती माझी."

"बढती म्हणजे?"

"प्रमोशन."

"अच्छा." तिने पाण्याचा ग्लास उचलला. "पण वीस दिवसांसाठी, आई? कार्ड पण छापून येणार नाही तेवढ्यात."

श्रीरंगने तिच्याकडे पाहिले आणि भाजीचे भांडे पुढे सरकवले. अलकनंदाने भाजी वाढून घेतली. चौतीस वर्षे तिने फायलींवर टिपणे लिहिली होती. त्यांतली बरीचशी जशीच्या तशी मंजूर झाली. खाली सही दुसऱ्याची असे, हुद्दा दुसऱ्याचा. बत्रांच्या आधी दोन सेक्शन ऑफिसर होऊन गेले. तिघांनाही आस्थापनेचे नियम तिनेच शिकवले होते. एका आदेशाखाली आपले नाव आणि त्याखाली सेक्शन ऑफिसरचे सरकारी नाव, ‘अनुभाग अधिकारी’, एवढे तिला हवे होते. एका आदेशाखाली, कोणाच्या रजेच्या का असेना. मुलीला हे सांगता आले असते. सांगितल्यावर ते फार लहान दिसले असते.

*

पुढच्या आठवड्यात तिने रोज दोन तास सर्व्हिस बुके काढली. कपाटे रेकॉर्ड रूममध्ये, हीटर नाही. तीन हजार एकशे अठरांत दोन तारखेला जन्मलेली माणसे चौऱ्याण्णव निघाली. तिच्यानंतरचा एप्रिलमधला, लखनौच्या शाखेतला मेकॅनिक. शेवटची मुलगी दोन हजार चोपन्नमध्ये निवृत्त व्हायची होती. नावे तिने हाताने लिहून काढली.

सत्तावीस जानेवारीला, सव्वीसच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, ती तळमजल्यावर गेली. सर्व्हर रूमच्या दाराशी अनुराग डबा खात होता.

"अनुराग जी, मुझे लिखित में चाहिए. जो लिफ़ाफ़े पर समझाया था, वही, चार लाइन में."

"मैडम, मार्च में टेंडर है." त्याने डब्याचे झाकण लावले. "कंपनी पूछेगी, ग्यारह साल की गलती किसकी? मेरी. नई कंपनी मुझे क्यों रखेगी? दो बच्चे हैं."

"समझती हूँ."

"आप बैठिए ना." त्याने स्टूल पुढे केले आणि आवाज खाली आणला. "एक रास्ता है. आपके रिकॉर्ड में रात बारह की जगह दोपहर बारह कर देता हूँ. एक लाइन का काम है. उसके बाद साढ़े पाँच घटाओ तो भी तारीख दो ही रहेगी. नई लिस्ट निकालिए, आपका नाम फरवरी में. पाँच मिनट, बस."

आतल्या यंत्रांचा पंखा घरघरत होता. अलकनंदा स्टुलावर बसली.

"कहीं दर्ज होगा?"

"होगा. देखता कौन है?"

"किसके नाम से?"

"मेरे." तो जरा अडखळला. "कोई पूछे तो, आपके कहने पर."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. त्या पाच मिनिटांत ती सेक्शन ऑफिसर झाली असती. मेहरोत्रा बहुधा काहीच बोलले नसते. सिस्टीम म्हणते आहे म्हटल्यावर त्यांना बोलायचे कारणही उरले नसते. अलकनंदाने हातातली यादी गुडघ्यावर सरळ केली.

"और बाकी तिरानवे?"

"उनका जब आएगा, तब देख लेंगे."

"तब आप भी नहीं होंगे, मैं भी नहीं." ती उठली. "रहने दीजिए. खाना खाइए, ठंडा हो रहा है."

त्याच दुपारी तिने टिपण लिहिले, दीड पान. सिस्टीममध्ये तारीख कशी साठवली जाते, पडद्यावर काय दिसते, कागदावर काय छापले जाते. सोबत चौऱ्याण्णव नावे. शेवटचा परिच्छेद असा होता, की तपासणी आपण पडद्यावर केली आणि प्रमाणपत्रावरची सही न तपासलेल्या छापील यादीवर केली. ही चूक आपली आहे.

मेहरोत्रांनी ते उभ्याउभ्याच वाचले आणि मग खुर्चीत बसले.

"आख़िरी पैरा निकाल दीजिए. इस पर पूछताछ बैठ सकती है. पेंशन अटकेगी आपकी."

"वो निकाला तो बाकी कोई क्यों मानेगा, सर?"

"आप एक महीने के लिए..." त्यांनी वाक्य सोडून दिले. बराच वेळ पान उलटसुलट केले. मग समासात दोन शब्द लिहिले, विधी कक्षाकडे, आणि फाइल मुख्यालयात पाठवून दिली. यादीप्रमाणे निघालेला निवृत्तीचा आदेश मागे घेतला नाही. तो अधिकार आपला नाही, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरे होते.

*

तीस जानेवारी, शुक्रवार, दुपारी साडेतीन. एकतीस तारखेला शनिवार असल्याने निरोप समारंभ आदल्या दिवशी. कॉन्फरन्स रूममध्ये समोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. समोसे, चहा, हार, शाली यांची व्यवस्था गेली वीस वर्षे अलकनंदा बघत असे. या वेळीही तिनेच बघितली. बत्रा एका खुर्चीत बसले. हरिओम दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर बसला. साहेबांशेजारी बसायची त्याला सवय नव्हती.

मेहरोत्रांनी दाराकडे पाहिले. "शेवडे जी, आइए."

"मैं चाय देखती हूँ, सर."

सगळ्यांना ऐकू गेले. कोणी आग्रह केला नाही. भाषणे झाली. हरिओमने तेवीस वर्षांत गाडीला ओरखडा आणला नव्हता. बत्रांनी एकही फाइल घरी नेली नव्हती. दोन शाली पांघरल्या गेल्या. तिसरी सेलोफेनमध्ये टेबलावर राहिली, समोशांच्या ताटाशेजारी, आणि तिच्यावर चटणी सांडू नये म्हणून कोणीतरी ती उचलून खिडकीत ठेवली.

"फोटो में तो आ जाइए," बत्रा म्हणाले. ती आली. मागच्या रांगेत, शाखेची माणसे उभी राहतात तिथे.

खोली रिकामी होताना अनुराग तिच्याजवळ आला. "मैडम, मैंने मेल किया है."

"मुख्यालय को?"

"नहीं, कंपनी को." तो खाली बघत होता. "पूछा है कि लिखकर दे सकता हूँ या नहीं."

"अच्छा किया," अलकनंदा म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

*

दोन फेब्रुवारी, सोमवार. श्रीरंगने सकाळी तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि डबा भरू लागलेली पाहून विचारले, "जातेयस?"

"मग? निर्णय झालेला नाही अजून."

"आदेश निघालाय ना पण?"

"चुकीचा निघालाय."

श्रीरंगने डब्यात शिऱ्याची वाटी ठेवली आणि झाकण घट्ट लावले. "स्वेटर घाल," तो म्हणाला.

नऊ वाजून बारा मिनिटांनी तिने कार्यालयाच्या दाराशी हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवले. लाल दिवा लागला. तिने बोट पुसून पुन्हा ठेवले. पुन्हा लाल. पहारेकऱ्याने पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. मग उघड्या रजिस्टरवर पेन ठेवून ते तिच्याकडे सरकवले.

"मैडम, इसमें लिखना पड़ेगा. बाहर वालों का है. माफ़ करना."

"तुम क्यों माफ़ी माँग रहे हो?"

तिने रकाने भरले. तारीख. नाव. वेळ. कोणाला भेटायचे, या रकान्यात रेघ मारली. कामाच्या रकान्यात लिहिले, ड्यूटी. सही केली आणि लिफ्टकडे गेली.

संगणकाने तिचा पासवर्ड घेतला नाही. तिने सर्व्हिस बुके काढली आणि लखनौच्या मेकॅनिकपासून सुरुवात करून एकेका जन्मतारखेच्या पानाची झेरॉक्स त्या यादीला जोडू लागली. साडेबारापर्यंत एकोणतीस झाल्या. मेहरोत्रा एकदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. बढतीचा आदेश त्यांच्या टेबलावर होता, नावाची जागा कोरी. अनुरागच्या मेलला उत्तर नव्हते.

दुपारी दोन वाजता शेजारच्या संगणकावर फाइल मुख्यालयात, विधी कक्षाच्या नावावर दिसत होती. शेरा, विचाराधीन. अलकनंदा शेवडे आपल्या टेबलावर होती.